मेंदू व्यसन कसे शिकतो?

हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हळदीची ओळख करून देण्याची गरज नाही. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात हंगामात हळदीचे ढीग लागतात, आणि वसमतच्या हळदीचे नाव तर आता दूरदूर पोचले आहे. तेव्हा या लेखातील प्रयोगाचे मुख्य साहित्य तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढा व तो वाळू द्या. आता खायच्या चुन्याच्या निवळीचा एक थेंब काडीने त्यावर ठेवा. पिवळा पट्टा तिथल्या तिथे लाल होईल. त्याच जागी लिंबाचा रस टाकला, की तो पुन्हा पिवळा. (चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.) चुना अल्कधर्मी आहे, लिंबू आम्लधर्मी आहे, आणि हळद दोघांना ओळखते. कुंकू करण्याच्या जुन्या रीतीचे मूळही हेच.

आता तोच चुना दुसरीकडे पाहू या. पारावर बसलेला एखादा माणूस चंचीतून तंबाखू काढतो, तळहातावर घेतो, नखावर चुना घेऊन त्याला लावतो, अंगठ्याने मळतो, वरून दोन थापट्या मारतो आणि चिमूट गालात धरतो. 'चुना कशासाठी?' असे त्याला विचारले तर तो म्हणेल, 'चुन्याशिवाय तंबाखू चढत नाही.' उत्तर अगदी बरोबर आहे. त्यामागचे रसायनशास्त्र असे.

तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचे अल्कलॉइड असते. पानात ते आम्लांशी जखडलेले, म्हणजे क्षाराच्या रूपात असते. अशा कणांवर विद्युतभार असतो, आणि भारित कणांना पेशींची स्निग्ध आवरणे सहजी ओलांडता येत नाहीत. चुना मिसळला, की निकोटीन आम्लाच्या तावडीतून सुटते, त्याचा भार जातो, आणि ते गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात उतरते. रक्तातून मेंदूत. हळद लाल करणारा गुण आणि तंबाखू 'चढवणारा' गुण एकच आहे.

ही युक्ती काही एकट्या आपल्याच लोकांना सुचलेली नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उतारावर कोका नावाचे झुडूप होते. पेरू, बोलिव्हिया या देशांतील डोंगरी माणसे हजारो वर्षांपासून त्याची पाने गालात धरून चघळत आली आहेत, आणि पानांबरोबर ती घेतात चुना किंवा झाडपाल्याची राख! तिकडे या राखेच्या वडीला 'लिप्ता' म्हणतात. राखही अल्कधर्मीच. कोकाच्या पानातील अल्कलॉइड म्हणजे कोकेन. उंचावरची थंडी, अंगमेहनत आणि भूक यांचा विसर पडावा म्हणून खाणीतले मजूर कोका चघळत. आपल्याकडे उन्हात राबणारा मजूर 'भूक मरते' म्हणून तंबाखूचा बार भरतो, ते आठवावे.

कोकाच्या पानात कोकेन असते शंभर भागांत जेमतेम एक भाग, बहुधा त्याहूनही कमी. ते पाझरतेही सावकाश. त्यामुळे पान चघळणाऱ्याची अवस्था पुढे आपण पाहणार आहोत तशी सहसा होत नाही. खरी अडचण सुरू झाली ती रसायनशास्त्रज्ञांनी पानातून सत्त्व वेगळे काढल्यावर. १८६० च्या सुमारास जर्मनीत गटिंगेन येथे आल्बर्ट नीमान या तरुणाने शुद्ध कोकेन मिळवले. ते काम ज्यांच्या प्रयोगशाळेत झाले ते फ्रीड्रिख व्होलर तुमच्या परिचयाचे असतील, प्रयोगशाळेत युरिया तयार करणारे तेच हे. मौज अशी की ज्या १८२८ साली युरियाचे संश्लेषण जाहीर झाले, त्याच साली जर्मनीतच पोसेल्ट व राइमान यांनी तंबाखूतून शुद्ध निकोटीन वेगळे केले.

१८८४ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल कोलर यांना आढळले, की कोकेनचे थेंब घातल्यास डोळा बधिर होतो आणि रुग्ण जागा असताना डोळ्याची शस्त्रक्रिया करता येते. हा शोध मोठा होता. दात काढण्यापूर्वी आज जी बधिर करणारी सुई टोचतात तिची परंपरा येथून सुरू झाली, जरी त्या सुईत आता कोकेन नसते. त्याच वर्षी, त्याच गावात, कोलर यांचे मित्र सिग्मंड फ्रॉइड यांनी कोकेनची तोंड भरून स्तुती करणारा निबंध लिहिला. मॉर्फिनच्या व्यसनात सापडलेल्या आपल्या एका मित्राला त्यांनी औषध म्हणून कोकेन सुचवले. मित्र मॉर्फिनमधून सुटला तर नाहीच, उलट कोकेनमध्येही अडकला. शहाण्या माणसांनाही हा पदार्थ कसा चकवतो त्याचे हे उदाहरण.

आपल्या देशाला कोकेन अगदी परके होते असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके कलकत्ता, मुंबई यांसारख्या शहरांत चोरून आलेले कोकेन विकले जाई. आपल्या लोकांनी ते घ्यायचे कसे? तर पानाच्या विड्यात घालून. विड्यात चुना असतोच! रसायनशास्त्राचा एक धडाही न शिकता माणसे तिसऱ्यांदा त्याच युक्तीपाशी येऊन पोचली.

आता रक्तात उतरलेला हा पदार्थ मेंदूत काय करतो ते पाहू.

१९५४ साली कॅनडातील माँट्रियल येथे जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत अगदी बारीक तारा बसवल्या. उंदराने कळ दाबली, की तारेतून विजेचा किंचित झटका मेंदूच्या ठराविक भागाला मिळे. काही जागी तार असली तर उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत राहात. मेंदूतले 'सुखाचे केंद्र' सापडले असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे, हे पुढे कळले.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये फट असते. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. या फटीतून निरोप जातो तो रसायनाच्या रूपाने. अशा रसायनांपैकी एक आहे डोपामाइन. निरोप देणारी पेशी ते फटीत सोडते, पलीकडच्या पेशीवरील ग्राहक ते टिपून घेतात, आणि काम झाले की पहिलीच पेशी उरलेले डोपामाइन आत ओढून घेते. यासाठी तिच्या अंगावर खास प्रथिनांचे जणू पंपच असतात. विहिरीवरची मोटार चालू आहे, पाणी साठते आहे आणि उपसलेही जाते आहे, असे समजा. कोकेन नेमके या पंपाच्या तोंडात बोळा कोंबते. पाणी उपसणे थांबते आणि विहीर काठोकाठ भरते.

निकोटीनची तऱ्हा वेगळी. ते डोपामाइन बनवणाऱ्या पेशींनाच डिवचते, आणि त्या जास्त डोपामाइन सोडू लागतात. हेरॉइनची तिसरीच. या पेशींना आवरून धरणाऱ्या ज्या दुसऱ्या पेशी आहेत, त्यांना ते गप्प करते, जणू बैलगाडीचा ब्रेकच सोडतो. वाटा तीन आहेत, पण तिन्ही एकाच जागी येतात.

मग हे डोपामाइन करते काय? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब दिला, की त्याच्या मेंदूतील डोपामाइनच्या पेशी जोरात संदेश देत. मग रसापूर्वी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी दिवा लागताच संदेश देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर गप्पच राहिल्या. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा संदेश नेहमीपेक्षाही मंद झाला. म्हणजे डोपामाइनचा निरोप 'सुख झाले' असा नाही. तो असा आहे: 'अपेक्षेपेक्षा बरे झाले. यापूर्वी काय काय घडले ते लक्षात ठेव!' अपेक्षेप्रमाणेच घडले तर शिकण्यासारखे काही उरत नाही आणि निरोपही थांबतो.

व्यसनाचे रहस्य येथे आहे. भाकरी, खेळ, मित्रांची संगत यांची गोडी मेंदू एकदा शिकला, की त्याबाबतची शिकवणी संपते. कोकेन मात्र पंपच अडवत असल्याने प्रत्येक वेळी डोपामाइन उसळते. मेंदू प्रत्येक वेळी समजतो, 'याही खेपेला अपेक्षेपेक्षा बरे!' ज्या शाळेत गृहपाठ न करता रोज 'शाबास' मिळते त्या शाळेत विद्यार्थी काय शिकेल? शाळा सोडू नये, एवढेच. शिकवणी कधी संपत नाही, आणि धडा दरवेळी अधिक खोल कोरला जातो.

धड्यात नुसता पदार्थ नसतो. ज्या खोलीत तो घेतला ती खोली, ज्या मित्राबरोबर घेतला तो मित्र, पगाराचा दिवस, खिशातली नोट, या सर्वांचा माकडापुढचा दिवा होतो. तो दिवा दिसला की तलफ येते. तंबाखू खाणाऱ्याला जेवण झाले की, चहा प्यायला की, एस. टी. स्टँडवर उभे राहिले की हात खिशाकडे नेण्याची ओढ का लागते, ते आता ध्यानात येईल.

इकडे सततच्या पुराला तोंड देता देता पलीकडच्या पेशी आपले ग्राहक कमी करतात. कोकेनच्या व्यसनात सापडलेल्यांच्या मेंदूची चित्रे नोरा व्होल्को या शास्त्रज्ञ बाईंनी घेतली, तेव्हा काही प्रकारचे डोपामाइन-ग्राहक खरोखरच कमी आढळले, आणि पदार्थ सोडून काही आठवडे-महिने झाल्यावरही ते कमीच होते. मग तेवढ्याच मात्रेने भागत नाही. त्याहून वाईट म्हणजे रोजची साधी सुखे फिकी पडतात: सण, क्रिकेटचा सामना, लेकराचे हसणे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट संशोधकांना दिसली. 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' या मेंदूत दोन वेगळ्या क्रिया आहेत. जुना व्यसनी माणूस सांगतो, की आता त्यात काही मजा राहिली नाही. पण हवेसे वाटणे थांबत नाही. तो खोटे बोलत नसतो.

पदार्थ मेंदूत जितक्या झटकन पोचतो तितका धडा पक्का बसतो. गालातून मिनिटे लागतात, धुरावाटे काही सेकंद. कोकेनची धुंदी ओसरतेही लवकर, बहुधा अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. मागे राहते ती उदासी, चिडचिड आणि पुन्हा घेण्याची घाई. शिवाय कोकेन हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळते व ठोके बिघडवते. धडधाकट तरुणाला पहिल्याच वेळी हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

आता कोणी म्हणेल, आमच्या सेनगावात नि कळमनुरीत कोकेन आले कुठून? म्हणणे रास्त आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील हजारांत सुमारे एक जण कोकेन घेणारा होता. हे मुख्यतः महानगरांतले आणि पैसेवाल्यांचे व्यसन. पण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील शंभरांपैकी जवळजवळ २७ जण तंबाखू वापरत होते, आणि त्यांपैकी बहुतेक सारे चघळण्याच्या, घासण्याच्या रूपात. दात घासायची मशेरीही यातच आली. ती घरातल्या आजीला व्यसन वाटतच नाही, एवढाच फरक.

तंबाखू कोकेनपुढे किरकोळ, असे समजू नका. १९९४ मध्ये अमेरिकेत जेम्स अँथनी व सहकाऱ्यांनी एका देशव्यापी पाहणीवरून हिशेब केला. आयुष्यात एकदा तरी घेऊन पाहिलेल्यांपैकी किती जण पुढे त्याच्या आहारी गेले? दारू शेकडा १५, कोकेन १७, हेरॉइन २३, आणि तंबाखू ३२! तंबाखू स्वस्त, कायद्याने खुली आणि कोपऱ्यावर मिळणारी आहे हे एक कारण. पण ते कारण आपल्या गावालाही लागू आहेच. त्यातून मेंदूचा पुढचा भाग, जो 'थांब, विचार कर' असे सांगतो, तो पक्व व्हायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. शिकणारा भाग मात्र तुमच्या वयात ऐन भरात असतो. कविता लवकर पाठ होण्याचे जे वय, तेच व्यसन लवकर पाठ होण्याचे.

जे शिकले ते विसरता येते का? पुसता येत नाही, असे आजचे शास्त्र म्हणते. पण त्यावर दुसरे शिकता येते, आणि नवा धडा जुन्याला झाकून टाकू शकतो. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात 'गर्द' शिरली. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन. कॉलेजातली मुले तिच्या धुरात सापडली. डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये हिंडून लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी आर्थिक मदत देऊ केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, आणि ते आजही चालू आहे. तेथे येणाऱ्याला गुन्हेगार न मानता रुग्णमित्र मानण्याची रीत पडली. आधी शरीराचा त्रास औषधांनी शमवायचा. नंतरचे आठवडे खऱ्या शिक्षणाचे: ठराविक वेळी उठणे, व्यायाम, आपले काम आपण करणे, आणि गटात बसून आपली हकिगत खरीखुरी सांगणे. ऐकणारेही त्याच वाटेने आलेले, काही सावरलेले. जन्मभराची प्रतिज्ञा करायची नाही, फक्त आजचा दिवस घ्यायचा नाही. दारूतून बाहेर पडलेल्यांच्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या संघटनेची ही शिकवण मेंदूच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. तलफ ही लाटेसारखी येते. काही मिनिटे टिकते आणि ओसरते. ती न पुरवता ओसरू दिली, की 'दिवा लागला, पण रस आला नाही' हा नवा धडा एकदा गिरवला जातो.

जागा बदलण्याने काय होते, ते व्हिएतनाम युद्धानंतर दिसले. तेथील अमेरिकन सैनिकांत हेरॉइन फार पसरले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. तेथे व्यसनात अडकलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शंभरात पाचच्या आसपास. रणभूमी मागे राहिली, बरोबरचे सोबती पांगले, सगळे दिवे विझले. उपचार घेऊन त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर परतणाऱ्याला हे भाग्य लाभत नाही. म्हणून तर घरच्यांनाही शिकवावे लागते.

हेरॉइनसाठी आणि तंबाखूसाठी उपयोगी पडणारी औषधे आहेत. कोकेनची तलफ मोडणारे असे मान्यताप्राप्त औषध मात्र अजून सापडलेले नाही. तेथे चालते ते शिक्षणच. अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० नंतरच्या काळात एक साधी युक्ती वापरली. लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही, की रुग्णाला वस्तू घेण्यासाठी कूपन द्यायचे, आणि लागोपाठ यश आले तर कूपनची किंमत वाढवत न्यायची. अनेकांना हे हास्यास्पद वाटले. पण उपाय चालला, आणि कोकेनसाठी आज सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. मेंदू बक्षिसाने शिकतो हे ध्यानात घेतले, तर त्यात नवल नाही.

मधून घसरण होते. पुष्कळांची होते. दमा किंवा रक्तदाब पुन्हा बळावला तर आपण रुग्णाला बोल लावत नाही, पुन्हा दवाखान्यात नेतो. मेंदूची डागडुजी दीर्घकाळ चालते. मेथॅम्फेटामाइन या कोकेनच्याच जातीच्या उत्तेजकाचे व्यसन सोडलेल्यांची चित्रे व्होल्को यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. वर्ष-सव्वा वर्ष दूर राहिल्यावर त्यांच्या मेंदूतील ते 'पंप' बऱ्याच अंशी पुन्हा दिसू लागले होते.

तंबाखू सोडणाऱ्याचा काळ त्यामानाने लहान. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे हे पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. तुमच्या घरात कोणी सोडायला निघाले असेल तर तेवढे दिवस त्यांचे चिडणे मनावर घेऊ नका, आणि पुडी आणायला दुकानात जाऊ नका. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे, तसेच शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला गेला, तर त्याला सेवनाबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही आहे. पोलिसांच्या धास्तीने मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या पालकांना ते ठाऊक नसते. शिक्षकांनी जरूर सांगावे. अमली पदार्थांसाठी १४४४६ आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत.